बीफ पाईला करंजीची मुरड

मंडळी, आज इकडे परदेशात, आमच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये नवलच घडलं.

काल सासूबाईंनी डॅनियलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उरलेलं रोस्ट बीफ पाई करायला डब्यात घालून दिलं. माझी आई पुण्याहून आलीय, म्हणून त्याने तो डबा फ्रिजमध्ये पार मागे दडवला. आज तो आईला दिसलाच.

"टाकू नकोस हं, तुझ्या आईने दिलंय," ती त्याला चक्क मराठीत म्हणाली. "पाई करायचीय ना? सारण तू भर, कडा मी मुरडते."

आणि जन्मभर शाकाहारी असलेल्या माझ्या आईने त्या पाईला करंजीसारखी मुरड घातली! खाल्ली नाही, पण मुरड सुटत नाही ना, म्हणून ओव्हनच्या काचेतून सारखी वाकून बघत होती.

डॅनियलने माझ्या सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "एवढ्या सुरेख कडा कुणी केल्या?"

त्याने लिहिलं, "Our आई."