बिनआवाजाचा झोपाळा

बळवंतराव जगतापांना आवाज करणारी वस्तू खपत नसे. मकरपुऱ्याच्या कारखान्यात ऐन उमेदीची वर्षं त्यांनी लेथवर काढली, मग बडोद्यातल्याच एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये आले, पण खोड तीच. मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत कुणाचं फाटक कुरकुरलं की हे न विचारता तेलाची बाटली घेऊन हजर. लोक हसायचे. हसोत बापडे!

त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला ते निवृत्त होणार होते आणि सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. निरोपसमारंभाचं काही नाही हो, एका रेणूचं. तो आज दिसला नाही तर मग कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी मालविका नावाची तरुण संशोधक एक आकृती घेऊन त्यांच्याकडे आली होती. डीएनएचा एक रेणू, स्वतःवरच दुमडलेला. त्याचं एक टोक काचेला चिकटवायचं, दुसऱ्या टोकाला चुंबकाकडे ओढला जाणारा, धुळीच्या कणाहून बारीक मणी. वर लोहचुंबक आणायचा, मणी ओढायचा आणि सूक्ष्मदर्शकातून त्याची उंची मोजत राहायची. ओढ पुरेशी झाली की दुमड उघडणार.

"एकच रेणू, मालविकाबेन? कोट्यवधी पडलेत की!"

"एकच, काका. घोळक्यात सगळ्यांची मिळून सरासरी कळते. एकटा काय करतो, ते नाही कळत."

हे बोलणं बळवंतरावांच्या मनात घर करून बसलं. चुंबकाची पितळी चौकट त्यांनी सात वेळा कातली, सहा वेळा स्वतःच नापास केली.

दीड महिन्यापूर्वी यंत्र उभं राहिलं, पण रेणू काही दर्शन देईना. नमुना तयार होईतो अकरा वाजत, तो टिके जेमतेम दोन-तीन तास, आणि तेवढ्यात मण्याची उंची दाखवणारी पडद्यावरची रेघ संथपणे डुलायला लागे. वर, खाली, वर, खाली. या डुलण्यात रेणूची हालचाल पार बुडून जायची. मालविकाने पंखे बंद केले, एसी बंद केला, टेबलाच्या पायांखाली हवेच्या उशा घातल्या. रेघ ढिम्म ऐकेना.

शुक्रवारी बारा वाजता बळवंतराव पडद्यासमोर स्टुलावर बसले होते. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय फरशीला हलकेच रेटा देतोय. रेघ खाली आली की रेटा. पुन्हा खाली आली, पुन्हा रेटा. बडोद्याच्या माणसाचा पाय तो, त्याला हा ताल बरोबर ठाऊक!

"अरे देवा, झोपाळा!" असं ओरडून ते जिना उतरत धावले.

प्रयोगशाळेच्या बरोबर खालच्या खोलीत तात्यासाहेब, संस्थेचे निवृत्त प्राध्यापक, झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. रोज अकरापासून दोनपर्यंत, नेमाने. तो झोपाळा दहा वर्षांपूर्वी बळवंतरावांनीच टांगला होता, आणि टांगला होता तो वरची फरशी पेलणाऱ्या गर्डरला. कड्यांत बेअरिंग बसवलेली, आवाज म्हणून नाही. कुरकुरला असता तर पहिल्याच दिवशी कुणालाही कळलं असतं! आपल्या ज्या कामाची फुशारकी मारत फिरलो, तेच दीड महिना मालविकाच्या मुळावर आलं होतं. बळवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शुं वात करो छो!" सगळं ऐकून तात्यासाहेब उडालेच. "मी इथे बसून तुमचा रेणू हलवतोय? थांबलो बघा."

थांबले खरे, पण दोन मिनिटांत पेपरात डोकं गेलं आणि पाय पुन्हा सुरू झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काढ बाबा," तात्यासाहेब हळूच म्हणाले.

बळवंतरावांनी पाना आणला. नोकरीतलं शेवटचं काम म्हणून त्यांनी आपलं सगळ्यात देखणं काम उतरवलं. एक एक कडी सोडवून, पुसून त्यांनी कोपऱ्यात ठेवली. मग तात्यासाहेबांना दंडाला धरून त्यांनी जिना चढवला.

रेघ आता सरळ होती. मालविकाने चुंबक केसभर खाली आणला. आणि रेघेने टुणकन उडी मारली!

"उघडला!" मालविका किंचाळली. "काका, दुमड उघडली!"

रेघ खाली आली. मिटला. परत वर. एकच एक रेणू, आपल्या मर्जीने उघडत होता, मिटत होता.

"अहो, हा तर झोके घेतोय," बळवंतराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. पायाने पुन्हा रेटा द्यायला सुरुवात केली, तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.