सुखदेवचे बूट

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, देवाले तर नाहीच — त्याच्यासमोर उभं राह्यलं की मी भलतंच काही मागून मोकळा होतो. मग तुमाले काहून सांगून राह्यलो? मलेही ठाऊक नाही.

सुखदेव आसेगावचा. आठवडाभर बापासंगं वखरामागं, अन् रविवारी वाशीमच्या मैदानावर आमच्या संघात. अनवाणीच खेळायचा. हाफबॅकची जागा माही होती, बरं का! नागपूरले शिकलेला, बूट घालून फुटबॉल खेळलेला अख्ख्या वाशीमात मी एकटा. अन् या पोरानं दोन हंगामात मले बाहेर बसवलं. चेंडू त्याच्या पायापाशी यायचा, हाक मारल्यावर घरची गाय येते तसा. लोक ओरडायचे, मीही टाळ्या पिटायचो. पोटात मात्र आग — निव्वळ जळत होतो मी, दुसरं काय?

मग एका सामन्यात कोलंबोच्या क्लबच्या माणसानं त्याले पाह्यलं. समुद्रापार जाऊन खेळायचं, अन् खेळायचा पगार! बाप्पा! आमच्याकडं असं कोणी ऐकलंही नव्हतं. अट एकच — तिथं बूट घालूनच खेळा लागते. पहिला हंगाम जमला तर जागा पक्की, नाही तर परत.

तो माह्याकडंच आला. दुसऱ्या कोणाकडं जाणार? "दादा, मले बुटातलं काय समजते? तुमीच आना."

जन्मात त्यानं वहाणेशिवाय काही घातलं नव्हतं. मी सुतळीनं त्याच्या पायाचं माप घेतलं. गुदगुल्या होत होत्या त्याले, माह्या खांद्याले धरून हसत होता लेकाचा. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या दुकानात मी ती सुतळी काढली अन् — अन् तिचं टोक अर्धं पेर आत दुमडलं. चुकून? छे! नीट दुमडलं, वरून नखानं दाबलं.

बूट घातल्याबरोबर तो कळवळला. मी म्हटलं, "बूट आवळतेच. मोठे खेळाडू असेच घालतात. तिथं बोंबलशीन तर अडाणी म्हणून हसतीन तुले."

अन् तो बोंबलला नाही. हंगामभर त्याच बुटात खेळला. नखं गेली, अंगठे वाकले, अर्ध्या सामन्यात पाय उचलेना. त्यांनी त्याले परत पाठवलं. वाशीम स्टेशनावर लंगडत उतरला, तेव्हा मले काय वाटलं म्हणता? आनंद झाला. घरी जाऊन पोटभर जेवलो मी.

त्यानं मले कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पुढं गावातल्या पोराईले शिकवायले लागला. एकदा एक पोरगं नवे बूट घालून रडून राह्यलं होतं. सुखदेव त्याच्यापुढं उकिडवा बसला. म्हणाला, "रडतं काहून? बूट आवळतेच. माहे पायच कच्चे निघाले बाबू, नाही तर मी तिथंच राह्यलो असतो." मग मान वर करून माह्याकडं पाह्यलं. "सांगा न दादा याले."

सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. एक शब्द बोलायचा होता फक्त. बोललो.

"आवळतेच," मी म्हटलं. पोरानं डोळे पुसले अन् नाडी आणखी घट्ट ओढली.