मी न बोललेलं वाक्य

तुम्ही जिथे काम करता, तिथलं मागचं दार शेवटचं कधी उघडलं होतं?

प्रश्न लक्षात असू द्या, मी त्याच्याकडे परत येणार आहे. आधी माझ्याबद्दल... भूत, चकवा, करणी यांवर माझा काडीचा विश्वास नाही. वडील यंत्रमाग कामगार. त्यांच्या युनियनच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. ‘जो घाबरवतो, तोच लुबाडतो’ हे आमच्या घरात आरतीसारखं पाठ होतं.

मग मी भुताचं ऑडिओबुक का केलं? कारण पत्रक वाचायला हात मोकळे लागतात. सुरतेत साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांचे हात कधीच मोकळे नसतात, कान असतात. म्हणून गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत, गोधडीत डोकं खुपसून, मी मोबाईलवर एक रहस्यकथा रेकॉर्ड केली – बंद कारखान्यात आपोआप चालणाऱ्या मागाची. पॉडकास्टसारखी, थेट ऐकणारीशी बोलत. प्रत्येक भागात तिला एखादं काम द्यायचे... ‘आता हात थांबवा’, ‘आता मागे वळून बघा’. शेवटच्या भागात ते भूत म्हणजे मालकाचाच माणूस निघणार होता.

माझी सुशीलामावशी पर्वत पाटियाजवळ एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर हेच टिकल्यांचं काम करते. तिथल्या दहा-बाराजणी जेवणानंतर तिच्या फोनवर माझी गोष्ट ऐकायच्या आणि मी सांगितलेलं काम हसत हसत करायच्या.

त्या दुपारी चौथा भाग लागला होता. गोष्टीतली बाई मागापाशी येऊन थांबते, तिथे फोनमधून माझा आवाज आला – ‘आता उठा. मागच्या दारासमोरचे गठ्ठे हलवा आणि कुलूप काढा.’

“घ्या, आज भाचीने हमाली लावली,” मावशीच्या शेजारची लताबाई म्हणाली. पण उठल्या सगळ्या. साड्यांचे गठ्ठे ओढून बाजूला केले. सुपरवायझर रमेशभाई कुरकुरला, “चावी छे, पण शेठ बोलशे.”

“बोलले तर सांगा, भुताने उघडलं,” मावशी म्हणाली.

तोही रोज कान देऊन ऐकायचा. त्याने कुलूप काढलं.

भाग संपायच्या आत पुढच्या जिन्यातल्या मीटरपेटीने पेट घेतला. वर खोलीत थिनर, गोंद, सिंथेटिक साड्या... पुढचा जिना धुराने भरला, तोवर सगळ्याजणी त्या उघडलेल्या दारातून मागच्या जिन्याने खाली उतरल्या होत्या. कुणाला साधं खरचटलंही नाही.

मावशी तशीच आमच्याकडे आली, केसांना धुराचा वास घेऊन. घडलेलं सगळं सांगून, माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, “तू वाचाडं, माय.”

मी म्हटलं, मावशी, मी असं काही बोललेच नाही.

“तुनाच आवाज व्हता. तूच बोलनी.”

तिच्याच फोनवर आम्ही तो भाग पुन्हा लावला. बाई मागापाशी येते, थांबते... मग थोडी शांतता, आमच्या पंख्याची घरघर, आणि पुढचं वाक्य. माझ्या मूळ रेकॉर्डिंगमध्येही तेवढंच. मी लिहून ठेवलेल्या गोष्टीत दाराचा उल्लेख नाही. असणार कुठून? मी त्या मजल्यावर कधी गेलेच नव्हते. तिथे मागे दार आहे, हेच मला माहीत नव्हतं.

माझा स्वभाव असा की मी उलटतपासणी केली. लताबाई, रमेशभाई, बाकीच्या – प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं. सगळ्यांनी तेच शब्द सांगितले. मनात दडलेली भीती म्हणावी, तर ती इतक्या जणांना एकाच वेळी, माझ्याच आवाजात कशी ऐकू येईल? माझ्याकडे उत्तर नाही. आणि उत्तर नाही म्हणून मी लिंबू-मिरची टांगणारही नाही.

पण एक गोष्ट मला स्वच्छ कळते. ते दार गठ्ठ्यांनी अडवलं होतं माणसांनीच. चोरी होऊ नये म्हणून कुलूप घातलं, तेही माणसांनीच. ते उघडायला कुठल्या अज्ञात आवाजाची वाट का पाहावी लागली?

म्हणून एकच मागणं. हे वाचून झालं की उठा. तुमचा कारखाना असो, दुकान असो, मुलांची शिकवणी असो – मागच्या दारापर्यंत चालत जा आणि ते ढकलून बघा. उघडलं नाही, तर चावी मागा. शेठ बोलले, तर माझं नाव सांगा. या वेळी हे खरंच मी बोलते आहे.