दोर धरून पाहिलेला देवमासा

ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात बोटीच्या कठड्याशी मी उभी होते. खाली नितळ पाण्यात माझी लेक पर्यटकांना मिंकी जातीचे देवमासे दाखवत होती. तेच तिचं काम. सगळे एका दोराला धरून तरंगत होते. लांबवर राखाडी पाठ दिसली, तसा एक आडदांड गृहस्थ दोर सोडून तिकडे निघाला.

“मागे फिरा!” लेक कडाडली. “आपण जायचं नाही. त्याला वाटलं तर तो येईल.”

गृहस्थाने मागे फिरून पुन्हा दोर धरला. याच देवमाशामागे माणूस किती वर्षं भाले घेऊन धावला! आज तोच माणूस त्याची वाट पाहत थांबला होता.

आणि देवमासा आला. सावकाश, कुशीवर वळून, लेकीकडे बघत राहिला.

“कोण हो ती मुलगी?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“माझी,” मी म्हणाले.