तिसरा सिलिंडर आणि तिचा आवाज

झाडीपट्टीच्या नाटकात माझ्या बायकोची ती पहिलीच मोठी भूमिका, आणि तिला वेळेत प्रयोगाच्या गावी पोहोचवायची जबाबदारी माझी. वडशाहून उन्हं असतानाच निघालो होतो. जंगलातल्या चढावर गाडी थरथरायला लागली, इंजिनचा दिवा लुकलुकला आणि गाडीतला जोरच गेला. याच पट्ट्यात महिन्यापूर्वी वाघानं माणूस मारला होता. सूर्य सागाच्या मागे गेलेला. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो.

बॉनेट उघडून वाकलं की पाठ जंगलाकडे होते. आमच्याकडे जंगलात कुणी मुकाट राहत नाही; माणसाचा आवाज आला की जनावर बाजूला होतं. म्हणून ती माझ्यामागे उभी राहून आपले संवादच जोरजोरात म्हणायला लागली. रडण्याच्या प्रवेशापर्यंत आली तेव्हा आवाज चिरकायला लागला.

"चूप बस वो! आवाज बसन तुया, मंग स्टेजवर काय करशीन?"

"मी चूप बसली त वाघ येईन ना!"

"मी वरडतो."

मला कुठले संवाद येणार? इंजिन चालूच ठेवलं आणि हातात होतं तेच बोंबलत सुटलो. "एक नंबरची पिन काढून राह्यलो! इंजिन आनखी हालून राह्यलं!" दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचंही तेच. तिसऱ्याच्या, ठिणगी देणाऱ्या कॉइलची पिन काढली, तर इंजिनला काही फरकच नाही. म्हणजे मेलेला हाच. गाडी बंद करून शेजारची कॉइल त्याच्यावर बसवली, पुन्हा चालू केली, तरी तोच गप्प. झाडीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मी आणखी मोठ्यानं ओरडलो. तिनं माझा शर्ट मागून घट्ट धरला.

कॉइल चांगली, मग तार? बोट फिरवत गेलो. पिनेपाशी तार कुरतडलेली, आणि बाजूला हळद लागलेले तांदळाचे दाणे. नाटकांच्या हंगामाच्या सुरुवातीला तिनं बॉनेटवर अक्षता वाहिल्या होत्या. दाणे काचेखालच्या जाळीतून आत पडले आणि त्यांच्या वासानं उंदीर आला.

"हे पाह्य तुयी पूजा!"

"पूजा केली म्हनून त जागा सापडली," ती म्हणाली.

तार सोलून पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. चावी फिरवली. थरथर नाही. चारही सिलिंडर चालू.

पडदा उठायच्या आत पोहोचलो. मी मंडपाच्या अगदी शेवटी उभा होतो. रडण्याच्या प्रवेशात तिचा आवाज तिथपर्यंत स्वच्छ आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी 'वा!' म्हणायला तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.