गाठीपुरती जागा

माझे भावोजी जोडे शिवतात आणि त्यांना त्याचा गर्व आहे. असायलाच हवा. ज्यांच्या पायाला दुकानातला कुठलाच जोड बसत नाही, ती माणसं त्यांच्याकडे येतात. कुणाच्या अंगठ्याशी हाड वर आलेलं, कुणाच्या घोट्यापुढे गाठ. भावोजी पाय मांडीवर घेतात, डोळे मिटून बोटांनी चाचपतात आणि त्या माणसाच्या लाकडी साच्यावर नेमक्या त्याच जागी चामड्याचा तुकडा चिकटवतात. साच्यावर उंचवटा, म्हणजे जोड्यात तेवढी पोकळी. गाठ पोकळीत बसते, माणूस सुखाने चालायला लागतो. डॉक्टरचं नाव काढलं की भावोजी नाक मुरडायचे. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, त्यामुळे त्यांना टोमणे मारायचं खातं माझ्याकडे.

ताई इस्त्रीच्या दुकानात काम करते, दिवसभर उभी. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पावलावर, बोटांच्या जरा मागे, वाटाण्याएवढी गाठ आली. भावोजींनी तिच्या साच्यावर तुकडा लावला. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा, मग तिसरा, मग चौथा. दर वेळी नवा जोड, आणि तो तिच्या पायात ते स्वतः घालणार. लग्नाला सव्वीस वर्षं झालेला माणूस बायकोपुढे गुडघे टेकून बसलेला पाहिला की मी चेष्टा करायचे. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा.

एकदा ताई माझ्याकडे राहायला आली. न्हाणीघरातून अनवाणी बाहेर पडली आणि मी तिचं पाऊल पाहिलं. गाठ अक्रोडाएवढी झाली होती. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच दिवशी दोघांनाही दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला शांत. त्यांनी खोलीत अंधार करून गाठीला टॉर्च टेकवला. आत घट्ट पाणी साठलेलं असेल तर उजेड आरपार जातो, म्हणाल्या. अशा गाठी पुष्कळांना होतात, बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं, फार त्रास झाला तर सुईने पाणी काढता येतं. ताईच्या गाठीतून उजेड गेला नाही. सोनोग्राफीतही गाठ भरीवच दिसली. काढावी लागेल, आणि तपासल्याशिवाय ती कसली आहे ते सांगता येणार नाही.

एवढी मोठी होईपर्यंत चाललात कशा, असं त्यांनी विचारलं. भावोजींनी ताईचा जोड पुढे केला. बाईंनी आत हात घालून ती पोकळी चाचपली.

"फार सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या.

मनापासून म्हणाल्या होत्या. भावोजी मात्र भिंतीला धरून खाली बसले.

गाठ काढली. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. भावोजींनी दुकान उघडलंच नाही. ताईचा बांधलेला पाय उशीवर, आणि हे त्या उशीपाशी. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणायचे. इतकी वर्षं मी टोमणे मारले, पण त्या दिवसांत माझी जीभ उचलली नाही. सहाव्या दिवशी मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा त्यांनी ताईला विचारलं, "दुखायचं का गं?"

"नवा जोड आणलात की महिना-दोन महिने नाही दुखायचं. मग दुखायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खुशीत घालायचात पायात. कसं सांगू, दाबतोय म्हणून?"

भावोजी रडले. मी घड्या तशाच टाकून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे मीही रडले. इतकं जपणारी दोन माणसं, आणि जपता जपता काय करून बसली होती.

रिपोर्ट चांगला आला. गाठ वाईट नव्हती. पुन्हा येऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. भावोजींनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. हल्ली गाठवालं गिऱ्हाईक आलं की आधी डॉक्टरला दाखवून या म्हणतात, मगच माप घेतात. काहीजण रागावून जातात. जाऊ देत.

जखम भरल्यावर त्यांनी ताईच्या साच्यावरचे चारही तुकडे खरवडून काढले आणि नवा जोड शिवला. मी मुद्दाम गेले होते. त्यांनी जोड तिच्या पायात घातला. ताई उठली, दोन पावलं चालली, थांबली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अहो, करंगळीशी दाबतोय."

भावोजींनी मान वर केली. असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर एरवी त्यांनी त्याचा पायच चुकीचा ठरवला असता.

"अजून कुठे?"

"टाचेलाही जरा."

"बस," ते म्हणाले. तिचा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि जोड काढला. "आता सगळं सांग. सावकाश सांग."

ताई सांगत राहिली आणि ते ऐकत राहिले.