फिलाग्रोसच्या दगडातली खोट

निकेरातोस पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो अथेन्सच्या बाजारचौकात. नगरसभेच्या नव्या ठरावाचा दगड नुकताच उभा केला होता आणि हा माणूस त्याला जवळजवळ नाक लावून उभा होता. नजर अधू असेल, असं मला वाटलं. मी म्हटलं, "वाचून दाखवू का?"

"वाचता येतं मला. गुरुजी ना तुम्ही? मग हे गोल अक्षर बघा. डावीकडे जरा चपटं वाटत नाही?"

अक्षर अगदी वाटोळं होतं. "नाही वाटत," मी म्हणालो.

"नीट बघितलंच नाही तुम्ही," असं म्हणून तो अंगठ्यानं खाचा चाचपत पुढच्या ओळीवर गेला.

दगड फिलाग्रोसनं कोरलेला होता. तो आणि निकेरातोस एकाच कारागिराच्या हाताखाली शिकलेले. पुढे नगरसभेचे ठराव कोरायचं काम फिलाग्रोसकडे गेलं आणि निकेरातोसच्या वाट्याला थडग्यांवरच्या पाट्या आल्या. त्याचा हात काही कमी नव्हता. माझ्या आईची पाटी पुढे त्यानंच कोरली. पण फिलाग्रोसचं नाव निघालं की त्याच्या घशात घास अडकायचा. मी त्याच्या घरी जाऊन बसू लागलो, तेव्हा त्याची बायको मिक्का जवाची भाकरी पुढे ठेवून म्हणायची, "गुरुजी, विचारा ह्यांना, आज फिलाग्रोसनं काय गुन्हा केलाय?"

"तू गप. त्याच्या चपलांना कसली चकाकी असते, बघितलीस?"

"त्याची बायको तेल लावते."

"मग?"

"मग काय? मी नाही लावणार."

मग युद्ध आलं. मॅसिडोनियाचा राजा आमच्यावर चालून आला. शहराचा तट पडेना, तेव्हा त्यानं आपला राग बाहेरच्या देवळांवर आणि थडग्यांवर काढला. सैन्य गेल्यावर आम्ही वेशीबाहेर आलो. निकेरातोसनं तीस वर्षांत कोरलेल्या पाट्या तुकडे होऊन चिखलात पडल्या होत्या. माझ्या आईची तीन तुकडे झालेली. तो एकेक तुकडा उलटून पाहत होता. शेवटी म्हणाला, "त्याचे सगळे दगड तटाच्या आत आहेत. एकालाही ओरखडा नाही." मला निकेरातोसचा राग यायला हवा होता. आला नाही.

नगरसभेनं ठरवलं, राजाचं आणि त्याच्या पूर्वजांचं नाव शहरातल्या प्रत्येक दगडावरून खरवडून काढायचं. जो राजाची बाजू घेईल, त्याला मारणाऱ्यावर गुन्हा नाही. शहराच्या मधोमध असलेल्या गडावरचे दगड खरवडायचं काम निकेरातोसला मिळालं. त्यांतच फिलाग्रोसचं नाव ज्यामुळे झालं तो दगड होता, या राजाच्या बापाच्या गौरवाचा, तीस वर्षांपूर्वीचा.

त्या दुपारी निकेरातोस धापा टाकत माझ्या दारात आला. "गुरुजी, चला! सापडली!"

"काय सापडली?"

"खोट!"

मी त्याच्यामागे गड चढलो. देवळाच्या ओसरीखालच्या त्या दगडावर बापाचं, म्हणजे तेव्हाच्या राजाचं, नाव तीन ठिकाणी होतं. दोन ठिकाणचं त्यानं साफ काढलं होतं. तिसऱ्या ठिकाणी छिन्नी टेकवताच एका अक्षराचा कोपरा गळून पडला होता. कोरताना फिलाग्रोसच्या हातून दगडाची कपची उडाली होती. मेणात संगमरवराची भुकटी कालवून त्यानं ती जागा बुजवली होती, वरून बाकीच्या अक्षरांसारखाच लाल रंग भरला होता. तीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

"उद्या सगळ्या कारागिरांना इथं आणून दाखवतो," निकेरातोस म्हणाला.

"अरे, ते नाव आजच जायला हवं."

"नाव गेलं की खोट गेली! मग माझं कोण खरं मानणार?"

एव्हाना देवळाकडे निघालेली माणसं थांबू लागली होती. एकानं विचारलं, "दोन खोडली, मग हे का ठेवलंय?"

"खोडायला मन होत नसेल," दुसरा म्हणाला. "राजाचा माणूस दिसतोय."

निकेरातोसनं घाबरून पाठीनं ते नाव झाकलं. त्यामुळे तर लोकांचा संशय आणखीच वाढला. मी समजावू लागलो, पण कुणी ऐकेना. एकानं वाकून धोंडा उचलला.

तेवढ्यात फिलाग्रोस गर्दीतून पुढे आला. आपल्या दगडाचं काय होतंय ते बघत तो सकाळपासून खांबाआड उभा होता, हे मला मागाहून कळलं.

"ठेवा तो धोंडा," तो म्हणाला. "हा कसला राजाचा माणूस! माझ्या हातून कपची उडाली होती, ती हा गुरुजींना दाखवत होता. निकेरातोस, सरक. बघू दे सगळ्यांना."

निकेरातोस सरकला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, "कपची काय, कुणाचीही उडते. पण बुजवलीय कशी बघा! तीस वर्षं!"

"हात आहे बुवा!" दुसऱ्यानं मान डोलावली. धोंडेवालासुद्धा खाचेत बोट घालून वाखाणू लागला.

निकेरातोस पांढराफटक पडला होता. फिलाग्रोसनं त्याच्या हातून छिन्नी घेतली आणि आपलीच अक्षरं एकेक करून काढली. मधेच त्याचा हात थांबला.

"कड तिरकी जातेय तुझी," निकेरातोस म्हणाला.

"मग तू काढतोस?"

"नाही."

त्या दिवसापासून गडावरचं खोडायचं काम फिलाग्रोसकडे गेलं. निकेरातोस आता त्रेसष्ट वर्षांचा आहे. मिक्काबरोबर वेशीजवळ राहतो, थडग्यांच्या पाट्या कोरतो. गेल्या चार वर्षांत तो गडावर एकदाही चढलेला नाही.